सुपरहिरो, जरा कमी बोल

सुपरहिरो कॉमिक्स लिहिणाऱ्याला दोन खोडी हमखास लागतात. पात्रांना बोल बोल बोलायला लावणं ही एक, आणि वाचकाला शहाणं करून सोडणं ही दुसरी. दोन्हींच्या मुळाशी धास्ती एकच असते: चित्रकाराने काढलंय ते पुरणार नाही आणि वाचणाऱ्याला ते कळणार नाही. मराठीत सुपरहिरो लिहू पाहणारे जे कुणी हे वाचत असतील, त्यांनी पेन उचलण्याआधी या धास्तीचं काय करायचं ते ठरवावं.

गोष्टीत संदेश असणं हा दोष नाही, हे आधी स्पष्ट करतो. ‘हल्ली सुपरहिरोंमध्ये फार राजकारण घुसवतात’ अशी तक्रार ऐकली की मला गंमत वाटते. 1938 साली ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅन अवतरला. त्या पहिल्याच गोष्टीत तो एका निरपराध बाईचा मृत्युदंड टाळतो, बायकोला बडवणाऱ्या नवऱ्याची रग जिरवतो आणि एका भ्रष्ट सिनेटरच्या मागे लागतो. मार्च 1941 ही तारीख असलेल्या ‘कॅप्टन अमेरिका’च्या पहिल्या मुखपृष्ठावर जो सायमन आणि जॅक कर्बी यांचा नायक थेट हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावतो. अंक प्रत्यक्षात स्टॉलवर आला, तेव्हा अमेरिका युद्धात उतरायला जवळपास वर्ष बाकी होतं. म्हणजे भूमिका अगदी उघड, पण ठोसा मारण्याआधी कॅप्टन लोकशाहीचं महत्त्व समजावून सांगत बसलेला नाही.

भूमिका कशी उतरते आणि कशी आपटते, हे एकाच अंकात पाहायचं असेल तर एप्रिल 1970चा ‘ग्रीन लँटर्न/ग्रीन अ‍ॅरो’चा 76वा अंक मिळवून वाचा. लेखक डेनी ओ’नील, चित्रकार नील अ‍ॅडम्स. हॅल जॉर्डन म्हणजे ग्रीन लँटर्न शहरावरून उडत असताना त्याला दिसतं, की एक तरुण एका नीटनेटक्या कपड्यांतल्या गृहस्थाला धक्काबुक्की करतोय आणि जमाव नुसता बघतोय. तो शिरस्त्याप्रमाणे गृहस्थाला सोडवतो, तर लोक त्यालाच वस्तू फेकून मारतात. ग्रीन अ‍ॅरो त्याला शेजारच्या पडक्या इमारतीत घेऊन जातो. ज्याला वाचवलं तो त्या इमारतीचा मालक, आणि चिडलेला जमाव म्हणजे त्याचे गांजलेले भाडेकरू. मग एक म्हातारा काळा माणूस पुढे येतो आणि विचारतो, की निळ्या, केशरी, जांभळ्या कातडीच्या परग्रहवासीयांसाठी तू एवढं केलंस, मग काळ्या कातडीच्या माणसांसाठी कधी काही का केलं नाहीस? हॅलची मान खाली जाते. उत्तर त्याच्याकडे नसतं.

तो प्रश्न अन्यायाचा आहे, हॅलने सगळी पृथ्वी कितीदा वाचवली त्यात काळी माणसं आलीच की, असा आक्षेप घेणारे पुष्कळ आहेत. आक्षेप तर्काला धरूनच आहे. तरीही अर्ध्या शतकानंतर ती चौकट लोकांना आठवते, कारण काही पानांपूर्वी हॅलने चुकीच्या माणसाला वाचवलेलं आपण स्वतः पाहिलेलं असतं, आणि तेव्हा आपणही त्याच्याच बाजूने असतो. म्हाताऱ्याचा प्रश्न घटनेतून आलेला आहे, आणि नायकाला त्याची किंमत मोजावी लागते.

आता त्याच अंकाचा शेवट पाहा. तिथे ग्रीन अ‍ॅरो ग्रीन लँटर्न ज्यांच्या हाताखाली काम करतो त्या विश्वाच्या रखवालदारांपैकी एकासमोर उभा राहून देशाच्या दुखण्यावर बोलू लागतो. मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांपर्यंत जाऊन पोचतो. विषय तितकाच गंभीर, कळकळ तितकीच खरी, लेखकही तोच. पण बोलणाऱ्याचं त्यात काहीच पणाला लागलेलं नाही. तो आधीपासूनच बरोबर आहे. भाषण संपतं आणि वाचक पान उलटतो.

मी तरी यातून एवढंच घेतलं, की जड वाक्य लिहिण्याआधी ते कुणाच्या तोंडी जातंय ते तपासावं. ज्याला ते बोलून काही गमवावं लागेल, त्याला ते शोभतं. आधीपासूनच शहाणा असलेल्या पात्राच्या तोंडी तेच वाक्य प्रवचन होतं. आपल्या कीर्तनात बुवा पूर्वरंगात निरूपण करतात आणि मग उत्तररंगात आख्यान लावतात, पण तिथे श्रोता निरूपण ऐकायच्या तयारीनेच मांडी घालून बसलेला असतो. कॉमिक्स उघडणारा मुलगा थेट आख्यानासाठी आलेला असतो.

आता शब्दांच्या गर्दीकडे वळू. ती जिथून आली ती कारणं बरीचशी कारखान्यातली होती, आणि ती कळली तर आज उगाच त्यांची नक्कल होणार नाही. 1950च्या दशकात ईसी कॉमिक्समध्ये अल फेल्डस्टीन निवेदन आणि संवाद लिहून काढत. ते आधी पानावर अक्षरांकित होत आणि मग पान चित्रकाराकडे जाई. उरलेल्या जागेत चित्र बसवायचं! स्टॅन ली यांच्या काळात मार्व्हलमध्ये नेमकं उलटं होतं. कथेचा सांगाडा ठरला की कर्बी किंवा डिटको पानं काढून आणत आणि नंतर ली त्यांत फुगे भरत. आयतं चित्र समोर असलं की जे दिसतंय तेच पुन्हा सांगायचा मोह होतो. ली त्यातून सुटत ते विनोदाच्या बळावर. शिवाय अंक स्टॉलवर विकले जात. कुठलाही अंक कुणाचा तरी पहिला असणार, म्हणून प्रत्येक पात्राने आपलं नाव, शक्ती आणि दुःख दर महिन्याला पुन्हा सांगावं, अशी संपादकांची अपेक्षा. 1975 ते 1991 अशी सोळा वर्षं ‘एक्स-मेन’ लिहिणाऱ्या ख्रिस क्लेअरमॉन्ट यांची पात्रं झेप घेता घेता आपली झेप समजावतात, त्यामागे हे आहे. टॉम ऑर्झेकॉव्स्की यांच्यासारखा अक्षरलेखक होता म्हणून ते सगळं पानात मावलं तरी.

तुमच्यावर यातली कुठलीही सक्ती नाही. तुमचा वाचक मागचे भाग मोबाइलवर एका बोटाने उघडू शकतो.

क्लेअरमॉन्ट यांच्यावर नुसता बोलघेवडेपणाचा शिक्का मारून मोकळं होणं मात्र बरोबर नाही. त्यांची पात्रं स्वयंपाकघरात भांडतात, एकमेकांची मनधरणी करतात, तोंडाने एक बोलतात आणि विचारांच्या फुग्यात दुसरंच म्हणतात. तिथे शब्द वाढले तरी वाचक कंटाळत नाही, कारण दोन माणसांमध्ये काहीतरी हलत असतं. कंटाळा येतो तो शक्तीचं वर्णन सुरू झालं की. स्पायडरमॅन मारामारीत अखंड बडबडतो, तेही चालतं. भ्यायलेला पोरगा भीती लपवायला बडबडतोय, हे आपल्याला कळत असतं. म्हणून संवाद कापताना नुसती लांबी मोजू नका. प्रत्येक फुग्याला विचारा, की हे बोलून या पात्राला समोरच्याकडून काय हवंय? पैसे, माफी, वेळ, कौतुक, काहीही चालेल. ‘वाचकाला माहिती मिळावी’ एवढंच उत्तर आलं, तर फुगा फोडा.

लांबीचाही एक जुना दंडक आहे. सुपरमॅनच्या कॉमिक्सचे संपादक मॉर्ट वायझिंगर यांचा हिशोब अ‍ॅलन मूर सांगतात: पानाला सहा चौकटी, चौकटीला फार तर 35 शब्द, म्हणजे पानाला 210, आणि एका फुग्यात 20-25च्या वर गेलात तर फुगा डोळ्यांवर येतो. पण हा हिशोब इंग्रजीचा, आणि इंग्रजी कॉमिक्समध्ये अक्षरं बहुधा सगळी मोठ्या लिपीत, एका उंचीची असतात. देवनागरीला वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. दोन ओळींत अंतर जास्त सोडावं लागतं. त्यात मराठी शब्द प्रत्यय पोटात घेऊन फुगतो. ‘वाचवण्यासाठीसुद्धा’ हा मोजायला एक शब्द असला तरी फुग्यात तो एकटाच अख्खी ओळ खातो. माझ्या अंदाजाने मराठीत चौकटीला 20-22 शब्द आणि फुग्याला 12-14 ही मर्यादा धरावी, आणि अक्षरलेखन करणाऱ्याला आराखड्याच्या वेळीच सोबत बसवावं. चित्र पुरं झाल्यावर फुगे चिकटवायला गेलात, तर नायिकेचा चेहरा नाही तर खलनायकाचा हात झाकला जाणारच.

एक पान घेऊन बसू. समजा, आपली नायिका उडू शकते. एका मोठ्या सोसायटीच्या मलटाकीत सफाईला उतरलेला कामगार आतल्या वायूने बेशुद्ध पडलाय. नायिका झाकण उपटून आत शिरते, त्याला वर आणते, तो खोकत शुद्धीवर येतो, आवारात रहिवासी जमतात. पहिल्या खर्ड्यात नवा लेखक साधारण असं लिहितो:

‘थांबा! आज मी या माणसाला वाचवलं, पण उद्या कोण वाचवणार? आपण सगळेच याला जबाबदार आहोत! कायद्याने बंदी असूनही आजही माणसाला गटारात उतरवलं जातं, कारण आपल्या समाजाच्या मनातली जात अजून गेलेली नाही. जोपर्यंत आपण एकमेकांकडे माणूस म्हणून पाहत नाही, तोपर्यंत माझ्यासारख्या शक्तिशाली व्यक्तीचाही काही उपयोग नाही!’

45 शब्द, आणि एकही खोटा नाही. अडचण अशी, की ऐकणाऱ्या रहिवाशांना काही करावंच लागत नाही. ते मान डोलावतील, चित्रकार त्यांचे ओशाळलेले चेहरे काढेल आणि वाचक स्वतःला त्यांच्यात धरणार नाही. शिवाय ज्याचा जीव जात होता तो माणूस संपूर्ण चौकटीत मुका. त्याच्या वतीने बोलता बोलता आपण त्याला पुन्हा एकदा बाजूला सारलं.

दुसऱ्या खर्ड्यात भाषण काढून कृती घालू. टाळ्या वाजताहेत. सेक्रेटरी लगबगीने पाणी मागवतात. घरातून ट्रे येतो. नायिकेसमोर स्टीलचा लखलखीत ग्लास, कामगारासमोर कागदी कप. पुढच्या चौकटीत नायिका आपला ग्लास त्याच्या हातात देते आणि कप स्वतः घेते. हे बरंच बरं आहे. तरी माझं मन इथे थांबत नाही, कारण अदलाबदल करून नायिका पुन्हा जिंकते आणि वाचकाला सुटल्यासारखं वाटतं.

तिसऱ्या खर्ड्यात ट्रे येतो, पण आपण त्यावर बोट ठेवत नाही. चौकट रुंद ठेवा, कप आणि ग्लास दोन्ही दिसू द्या, सेल्फी काढणारी पोरं पुढे असू द्या. पुढच्या चौकटीत नायिका घटाघटा पाणी पिते. तहान लागलीये, तिच्या काहीच लक्षात आलेलं नाही. मग कामगार तिला विचारतो, ‘ताई, आत माझी चप्पल दिसली का?’ ती ‘नाही’ म्हणायला वळते आणि तेव्हा तिला त्याच्या हातातला कप दिसतो. शेवटची चौकट तिच्या हातातल्या रिकाम्या ग्लासाची. संवाद धरून सहा शब्द आणि एक ‘नाही’. नायिकाही सुटलेली नाही, आणि पुढच्या अंकात तिला काहीतरी करावं लागेल. या बंदीच्या 2013च्या कायद्याची माहिती द्यायची असेल, तर तिला तिथे वकिलाच्या कचेरीत जागा आहे. ठेकेदार त्या कलमातून कसा निसटतो, हे दाखवलं की माहितीसुद्धा भांडणात उतरते.

चित्रातून उतरलेला संदेश किती ठाम बसतो, याचा दाखला सेन्सॉरनेच देऊन ठेवलाय. 1953 साली ईसीच्या ‘वियर्ड फँटसी’मध्ये फेल्डस्टीन आणि जो ऑर्लँडो यांची ‘जजमेंट डे’ ही कथा आली. ती सुपरहिरोंची नाही, पण धडा तोच. पृथ्वीवरून आलेला टार्ल्टन नावाचा निरीक्षक यंत्रमानवांचा एक ग्रह तपासतो. तिथे केशरी यंत्रमानव मालक आणि निळे हलके, आत मात्र दोघांचे भाग सारखे. तो ग्रह नापास करून परततो. कथेत समजावणीची वाक्यं भरपूर आहेत, पण शेवटच्या चौकटीत तो शिरस्त्राण काढतो आणि प्रथमच कळतं, की तो काळा आहे. त्या चौकटीत निवेदन आहे, पण ते त्याच्या काळ्या त्वचेवरच्या घामाविषयी बोलतं, समतेविषयी चकार शब्द काढत नाही. 1956 साली कथा पुन्हा छापायची वेळ आली, तेव्हा छपाईआधी कॉमिक्स तपासणाऱ्या कॉमिक्स कोडचे प्रमुख चार्ल्स मर्फी यांनी अंतराळवीर काळा नको असा हट्ट धरला. प्रकाशक बिल गेन्स हटले नाहीत आणि कथा जशीच्या तशी छापली गेली. समजावणीच्या सगळ्या ओळी मर्फींना चालल्या, नडला तो एक चेहरा.

संदेश कुणी पुरस्कृत केलेला असेल तेव्हा काय करायचं, हा प्रश्न आपल्याकडे लगेच येतो, कारण कॉमिक्सचं पहिलं पैसे देणारं काम बरेचदा एखाद्या संस्थेच्या जनजागृतीचं असतं. अमेरिकेच्या आरोग्य खात्याने स्टॅन ली यांना अमली पदार्थांविरुद्ध गोष्ट लिहायला सांगितलं. 1971 साली ली आणि गिल केन यांनी ‘अमेझिंग स्पायडरमॅन’च्या 96 ते 98 या अंकांत ती बसवली. कॉमिक्स कोडने मान्यता नाकारली, मार्व्हलने शिक्क्याशिवाय अंक काढले आणि त्याच वर्षी कोडचे नियम सैल झाले. इतिहास म्हणून हे थोर आहे. पण वाचायला बसलात तर फरक दिसतो. नशेत गच्चीवरून उडी घेणाऱ्या अनोळखी तरुणाला वाचवून स्पायडरमॅन जे बोलतो ते खात्याच्या पत्रकासारखं वाटतं. पीटरच्याच खोलीत राहणारा हॅरी ऑसबॉर्न गोळ्यांकडे वळतो ती पानं मात्र बोचतात. त्याच वर्षी ओ’नील आणि अ‍ॅडम्स यांनी ग्रीन अ‍ॅरोच्या पालकत्वाखालचा स्पीडी हेरॉइनच्या आहारी गेलेला दाखवला. गावभर भाषणं देणाऱ्या ग्रीन अ‍ॅरोला आपल्या घरातलं दिसलं नव्हतं, आणि कळल्यावर तो पोराला मारून हाकलून देतो. आधीच्या अंकांतल्या भाषणांची परतफेड लेखकाने इथे नायकाकडूनच करून घेतली.

तेव्हा संस्थेशी बोलताना एक व्यवहारी तोडगा मांडा. हेल्पलाइनचा नंबर, कायद्याची कलमं, लक्षणं, उपाय हे सगळं मागच्या पानावर साध्या भाषेत, ठळक अक्षरांत द्यायचं. गोष्टीतलं पान मात्र मोकळं ठेवायचं. पात्राच्या तोंडून नंबर वदवून घेण्यापेक्षा लोकांना ते जास्त उपयोगी पडतं, आणि संस्थेलाही बहुधा पटतं.

समोरच्या बाजूला बुद्धी देण्याबद्दलही थोडं. क्लेअरमॉन्ट आणि ब्रेंट अँडरसन यांच्या 1982च्या ‘गॉड लव्ह्ज, मॅन किल्स’मध्ये विल्यम स्ट्रायकर हा धर्मोपदेशक म्यूटंटांचा, म्हणजे जन्मतःच वेगळी शक्ती घेऊन आलेल्यांचा, द्वेष पसरवतो. तो मूर्ख नाही. धर्मग्रंथातले दाखले देतो, शांतपणे बोलतो, व्यासपीठ गाजवतो. त्याचं भाषण लांब आहे आणि ते चालतं, कारण प्रवचन हेच त्याचं हत्यार आहे. शेवटी भर सभेत तो ‘एक्स-मेन’मधल्या किटी या मुलीवर पिस्तूल रोखतो, तेव्हा एक साधा पोलीस त्याच्यावर गोळी झाडतो. तुमच्याकडे लांब भाषण असेलच, तर ते खलनायकाला द्या आणि मन लावून लिहा.

आणि काही वेळा विषय अगदी क्षुल्लक वस्तूवर ठेवून पाहा. जी. विलो विल्सन आणि एड्रियन अल्फोना यांच्या 2014च्या ‘मिस मार्व्हल’ची सुरुवात जर्सी सिटीतल्या एका दुकानात होते. कमला खान डुकराच्या मांसाच्या सँडविचवर नाक नेऊन नुसता वास घेत असते. खायचं नाही, पण वास तर घेऊ! परंपरा, मोह, दोन घरांत वाटलेलं वय, सगळं त्या नाकात आलं. थोड्या वेळाने झोई नावाची गोड गोड मुलगी कमलाची मैत्रीण नाकिया हिच्या स्कार्फचं कौतुक करते आणि त्याच दमात काळजीने विचारते, की तुझ्यावर कुणी सक्ती तर केली नाही ना? पूर्वग्रह असा हसतमुखाने आला की त्याला उत्तर देणं अवघड होतं, आणि पान जिवंत राहतं.

वाचकाला जे ठाऊकच आहे तिथे तर हात आखडताच ठेवा. 2005 साली ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली यांनी ‘ऑल-स्टार सुपरमॅन’च्या पहिल्याच पानावर सुपरमॅनची जन्मकथा चार चौकटींत, आठ इंग्रजी शब्दांत उरकली. त्याच मालिकेच्या दहाव्या अंकात इमारतीच्या कठड्यावर उभ्या असलेल्या एका मुलीच्या मागे सुपरमॅन येऊन थांबतो. आयुष्याचं मोल वगैरे सांगत नाही. तिच्या डॉक्टरांना खरंच उशीर झाला होता, तिला वाटतंय त्याहून ती खंबीर आहे, एवढं बोलून तिला जवळ घेतो.

आपल्या पिढ्या इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळावर वाढल्या. ली फॉक यांचा हा नायक मितभाषी. त्याच्याविषयी बोलायचं काम जंगलातल्या जुन्या म्हणी करायच्या, निवेदनाच्या एका ओळीत. युक्ती झकास होती, उचलण्यासारखी आहे. पण एक गोरा माणूस पिढ्यानपिढ्या जंगलाचा रखवालदार आणि स्थानिक लोक त्याचे भक्त, ही गोष्टसुद्धा त्याच पानांतून आपल्या गळी उतरली, एकही फुगा खर्च न करता. म्हणून स्क्रिप्ट चित्रकाराकडे देण्याआधी संवाद झाकून नुसती चौकटींची वर्णनं वाचा. कोण उभा आहे, कोण बसलंय, दार कोण उघडतं, पाणी कोण आणतं, नाव कुणाला आहे आणि कुणाला नुसतं ‘कामगार’ म्हटलंय. तिथे दुरुस्ती करा. संवादांची छाटणी त्यानंतर, आणि तीही मोठ्याने वाचत.